वाचकांचे प्रश्न: परगावी सकाळचा नाष्टा आणि कॉफी

प्रश्न : मुलीची शनिवारी सकाळी १० वाजता बंगळूरला जयनगरमध्ये परीक्षा आहे. आम्ही शुक्रवारी सकाळी रेल्वेने पोहोचू, रविवारी रात्री परत निघू. तिथल्या नाष्ट्याच्या हॉटेलांबद्दल आणि कॉफीबद्दल इतकं ऐकलंय की कुठे जावं ते ठरत नाही. मोबाईलवरच्या याद्या वाचून गोंधळच वाढला. (एक वाचक, खानापूर)

याद्या बाजूला ठेवा आणि आधी वार बघा. बंगळूरची बरीच जुनी हॉटेलं आठवड्यातून एक दिवस बंद असतात आणि प्रत्येकाचा वार वेगळा. गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन (१९४३) शुक्रवारी बंद. शंकरपुरमचं ब्राह्मिन्स कॉफी बार (१९६५) रविवारी बंद. लालबाग रस्त्यावरचं मूळ एमटीआर म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स (१९२४) सोमवारी बंद. म्हणजे तुम्ही शुक्रवारी उतरल्या उतरल्या डोशासाठी विद्यार्थी भवनला गेलात तर दाराला कुलूप दिसेल. बाहेरगावच्या माणसांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

तुमच्या तीन सकाळी अशा लावा.

शुक्रवारी सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. पिशव्यांना कुलूप लागतं आणि तिकीट दाखवावं लागतं, म्हणून छोटी कुलपं घरूनच न्या. स्टेशनला लागूनच मेट्रो आहे. स्टेशनला नाव आहे क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांचं, ज्यांना १८३१ साली तुमच्याच तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिली गेली. जांभळ्या मार्गावर मॅजेस्टिकला या, तिथे हिरवा मार्ग धरा. चिकपेट, के. आर. मार्केट आणि मग नॅशनल कॉलेज. तिथे उतरून ब्राह्मिन्स कॉफी बार चालत जाण्याजोगं आहे. बसायची सोय नाही, उभ्याने खायचं. इडली, वडा, खारा भात (म्हणजे तिखट उपमा), केसरी भात (म्हणजे शिरा) आणि कॉफी-चहा, एवढंच मिळतं. सांबार मागू नका, तिथे ते करतच नाहीत. चटणी मात्र हवी तेवढी वाढतात. एवढे कमी पदार्थ असल्यामुळेच इडली सतत उतरत असते आणि ताटलीत येते ती वाफाळती. इडली थोडा वेळ जरी उघडी राहिली तरी कडेने सुकते, म्हणून ती गर्दीच्या हॉटेलात खाण्यातच फायदा आहे.

परीक्षेच्या दिवशी, शनिवारी, विद्यार्थी भवनला साडेसहाला दार उघडतं तेव्हाच हजर राहा. शनिवार-रविवारी आठनंतर तिथे फुटपाथवर रांग लागते, आणि रांगेत एक तास गेला तर पुढचं सगळं घाईचं होतं. इथला डोसा बाहेरून कुरकुरीत, आतून जाड आणि तुपकट असतो. मुलीने परीक्षेआधी अख्खा खाऊ नये, दोघांत एक घ्या आणि जोडीला वडा. आपल्या पोटाला सकाळी सातला इतक्या तुपाची सवय नसते, दहाच्या पेपरात जांभया येतील. तिथून परत नॅशनल कॉलेजला येऊन मेट्रो धरा. मध्ये लालबाग आणि साउथ एंड सर्कल ही दोनच स्टेशनं आहेत, जयनगर तिसरं.

रविवारी मेट्रो सकाळी सातला सुरू होते, इतर दिवसांसारखी पहाटे नाही. मॅजेस्टिकवरून उत्तरेला पुढचंच स्टेशन मंत्री स्क्वेअर संपिगे रोड. तिथून रिक्षाने मल्लेश्वरम. सीटीआर (सेंट्रल टिफिन रूम) बेण्णे म्हणजे लोण्याच्या मसाला डोशासाठी, वीणा स्टोअर्स इडलीसाठी. दोन्हीकडे एकेक पदार्थ खा, एकाच ठिकाणी पोट भरू नका. एमटीआर रविवारी चालू असतं, पण नाष्ट्याची गर्दी मोठी, नाव लिहून थांबावं लागतं. रवा इडली तिथलीच. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा रव्याची इडली करून बघितली गेली. ती खायची असेल तर शुक्रवारी ब्राह्मिन्समध्ये फक्त कॉफी घेऊन साडेनऊच्या आत तिकडे वळा.

अनोळखी गल्लीत नाष्टा शोधायची वेळ आली तर उभ्याने खायच्या दर्शिनी हॉटेलात शिरा. आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची आणि ती पदार्थाच्या खिडकीवर द्यायची. कॉफीची खिडकी बहुधा वेगळी असते. कॉफी खाऊन झाल्यावरच घ्या, कारण ती चिठ्ठी दिल्याबरोबर हातात येते आणि डोसा संपेपर्यंत गार होते. पेला लहानच असतो. दोघांत एक हवी असेल तर ‘बै टू’ म्हणा, दोन पेल्यांत निम्मी-निम्मी मिळते, कोणी कमीपणा मानत नाही.

कॉफी चांगली असेल की नाही हे पिण्याआधी कळतं. पेल्यात आधी काळा अर्क, वरून उकळतं दूध असं तुमच्यासमोर होत असेल तर थांबा. थर्मासमधून किंवा नळाच्या डब्यातून तयार मिसळलेली कॉफी ओतत असतील तर चहा घ्या. अर्क तासन्‌तास गरम ठेवला की कडवट होतो, तो कडवटपणा झाकायला साखर वाढवतात. हॉटेलातल्या कॉफीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ हेच.

मोबाईलवर शोधताना तारे मोजू नका. अभिप्राय ‘नवे आधी’ असे लावून गेल्या महिन्याभरातले वाचा. पाच-सहा जणांनी एकाच पदार्थाचं नाव घेतलं असेल तर तोच मागवा. शाखा तपासा, कारण मूळ दुकानाची कीर्ती नव्या शाखेला चिकटलेली असते. म्हैसूरला मैलारी नावाची एकाहून अधिक हॉटेलं आहेत, तिथे तर पत्ता बघितल्याशिवाय रिक्षात बसूच नये.

नव्या पद्धतीचे, एस्प्रेसो मशीनवाले कॅफे सकाळी सातला उपयोगाचे नाहीत. बरेचसे आठ-नऊनंतर उघडतात आणि कॉफीही कितीतरी महाग. पण शुक्रवारी दुपारी मुलीला दोन तास शांतपणे वाचायला जागा हवी असेल तर तेच बरे. दुधाशिवाय पिणार असाल तर बिया कधी भाजल्या ती तारीख विचारा, महिन्याभरातली असली की चव जिवंत लागते.

प्रश्न : बंगळूरहून कॉफी पूड आणि पितळी फिल्टर आणला. घरी कधी अर्क पाण्यासारखा उतरतो, कधी उतरतच नाही. चूक कुठे होते? (एक वाचक, निपाणी)

दोन्ही तक्रारी पुडीच्या जाडीशी आणि दाबण्याशी जोडलेल्या आहेत. तिघांच्या कॉफीला फिल्टरच्या वरच्या, भोकांच्या भांड्यात तीन मोठे चमचे शिगोशीग पूड घ्या, साधारण २० ते २५ ग्रॅम. दांड्याच्या चकतीने ती फक्त सपाट करा, जोर लावू नका. पाणी उकळून अर्धा मिनिट थांबा. आधी दोन-तीन चमचे पाणी घालून पूड भिजवा, मग हळूहळू एकूण १५० मिली होईल इतकं ओता. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. पूड पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली १०० मिलीच्या आसपास दाट अर्क मिळेल.

पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर पूड जाड दळलेली आहे किंवा चकती ठेवलीच नव्हती. तासाभरानेही थेंब पडत नसेल तर पूड फार बारीक आहे, जास्त दाबली आहे किंवा तिच्यात चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) जास्त आहे. चिकोरी भिजली की चिकट होऊन भोकं बुजवते. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. नियमाने कॉफी किमान ५१ टक्के असायला हवी, पण ८०:२० घ्या. चिकोरीने रंग आणि दाटपणा येतो, कॉफीचा वास मात्र कॉफीचाच असतो. भोकं बुजली असतील तर वरचं भांडं रिकामं करून त्याचा तळ मंद आचेवर एक मिनिट धरा, भाजलेली पूड ब्रशने झटका.

दूध हा निपाणीकडचा वेगळा मुद्दा. एक भाग अर्काला तीन भाग दूध हे प्रमाण गायीच्या दुधाचं. म्हशीचं घट्ट दूध अर्क दाबून टाकतं, तेव्हा दोन भागच घाला. अर्क कधीही उकळू नका, गार झाला तर वाटी गरम पाण्यात ठेवा. पूड एका वेळी पाव किलोच आणा आणि घट्ट डब्यात ठेवून तीन आठवड्यांत संपवा.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. तिकडच्या हॉटेलात बिनसाखरेची कॉफी मिळते का? (एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

मिळते, पण चिठ्ठी देतानाच सांगावं लागतं, कारण साखर पेल्यात आधीच घालून ठेवलेली असते. ‘सक्करे इल्लदे’ म्हणा, म्हणजे साखरेशिवाय. बंगळूरकडचं सांबारही गोडसर असतं, त्यात गूळ पडतो, तेव्हा ताटलीत चटणीच मागा. केसरी भात आणि खारा भात एकत्र येतात त्याला चौ चौ भात म्हणतात, तो मागवताना ‘फक्त खारा’ असं स्पष्ट सांगा.

प्रश्न : रात्रीच्या बसने पुण्याला पहाटे पाचला स्वारगेटला उतरतो. नाष्टा कुठे करावा? (एक वाचक, चिकोडी)

पाचला चहाच मिळेल, अमृततुल्यची दुकानं लवकर उघडतात. नाष्ट्याला सात वाजू द्या आणि डेक्कनला जा. गुडलक कॅफे १९३५ सालचा आहे, तिथे बन मस्का, ऑम्लेट आणि इराणी चहा. चहा घ्यायची ही जागा आहे, कॉफीची नव्हे. कॉफी आणि डोसाच हवा असेल तर तिथून जवळ फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली आहे. रविवारी मात्र नऊच्या आत पोहोचा.