परसदार असलेलं ॲप निवडा

प्रश्न : आमच्या वाचनालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, साडेतीनशे सभासद. पण तिथे सुप्रभात आणि फॉरवर्डच्या गर्दीत पुस्तकांची चर्चा बुडून जाते. मुलानं माझ्या फोनवर एफ-ड्रॉइड या प्ले स्टोअरबाहेरच्या ॲप-भांडारातून टस्की नावाचं ॲप टाकून दिलं, त्यावर मी मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखं समाजमाध्यम वापरायला लागलो आणि मला ते फार आवडलं. सगळ्यांना तिकडे न्यावं असं मनात होतं, तेवढ्यात ऐकलं की गुगल प्ले स्टोअरबाहेरची ॲप्स टाकणंच बंद करणार आहे. मग आता कशावर भरवसा ठेवायचा? – एक निवृत्त ग्रंथपाल, वाई

उत्तर : काका, एका रात्रीत काही बंद होत नाहीये, पण तुम्ही ऐकलंय ते अगदीच खोटंही नाही. ऑगस्ट 2025 मध्ये गुगलनं जाहीर केलं की अँड्रॉइड फोनवर जे ॲप टाकायचं ते बनवणाऱ्यानं आपली ओळख गुगलकडे नोंदवलेली पाहिजे, म्हणजे खरं नाव, पत्ता, फोन, ओळखपत्र सगळं, मग ते ॲप प्ले स्टोअरवरचं असो की कुणाच्या वेबसाइटवरून उतरवलेलं. सुरुवात सप्टेंबर 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत, आणि 2027 पासून हळूहळू बाकी जगात, त्यात आपणही आलो. यावर बरीच ओरड झाली तेव्हा नोव्हेंबर 2025 मध्ये गुगलनं सांगितलं की ज्यांना धोका कळतो त्यांच्यासाठी इशारे दाखवून पुढे जाऊ देणारी वेगळी वाट ठेवू. कॉम्प्युटरला केबल जोडून ॲप टाकायची सोयही राहणारे. पण तुमच्या वाचनालयातल्या सत्तरीच्या आजींना तुम्ही केबल जोडायला सांगणार आहात का? नाही ना, मग ती वाट तुमच्या ग्रुपसाठी नाहीच असं धरून चाला.

एफ-ड्रॉइडबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. 2010 पासून स्वयंसेवकांनी आणि देणग्यांवर चालवलेलं भांडार आहे ते. ज्या ॲपचा कोड सगळ्यांना बघायला खुला आहे तेच घेतात, त्यातली बहुतेक ॲप्स त्या कोडवरून स्वतः बांधतात आणि स्वतःच्या सहीनं देतात, जाहिराती नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. त्यांचं म्हणणं असं की आम्ही बनवणाऱ्यांवर नोंदणीची सक्ती करू शकत नाही आणि त्यांची ॲप्स आमच्या नावावरही चढवू शकत नाही, तेव्हा हा नियम असाच आला तर आमचं काम संपेल. मला ते पटतं. आपण पैसे देऊन घेतलेल्या फोनमध्ये काय टाकायचं हे विचारायला दरवेळी एकाच कंपनीच्या दारात उभं राहावं लागणं बरोबर नाही, आणि हे मी गुगलचीच ॲप्स दिवसभर वापरणारी बाई म्हणून सांगतेय.

आता निवडायचं कसं. जुन्या वाड्यांना पुढचा दिंडी दरवाजा असायचा आणि मागे परसदार. पुढचं दार कुणी लावून घेतलं तरी परसदारानं ये-जा चालू. ॲप घेताना मी हेच बघते, त्याला परसदार आहे का? म्हणजे उद्या ते स्टोअरवरून गेलं, फोनवर चालेनासं झालं, सरकारनं किंवा कंपनीनं बंद केलं, तर माझं लिहिलेलं आणि माझी माणसं मला दुसरीकडून गाठता येतील का? बाकी स्टिकर किती, रंग कसा, हे सगळं नंतर.

कारण दार कुठूनही लागतं हो. 29 जून 2020 ला सरकारनं 59 चिनी ॲप्स बंद केली त्यात टिकटॉक होतं, आणि आपल्या गावागावातल्या पोरापोरींनी दोन-तीन वर्षं खपून जमवलेला प्रेक्षक त्या एका संध्याकाळी गेला. देशी ॲप घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही, हाइक मेसेंजर जानेवारी 2021 मध्ये बंद झालं आणि कू, ज्यावर मराठीत लिहिता यायचं, ते जुलै 2024 मध्ये. कधी कधी तर ॲप तिथेच असतं आणि आपला फोन मागे पडतो, जून 2025 पासून व्हॉट्सॲपला निदान अँड्रॉइड 5 लागतं, तुमच्या सभासदांत मुलाचा जुना फोन वापरणारे कितीतरी असतील, त्यांचे फोन एकदा बघून घ्या.

या हिशोबानं मॅस्टोडॉन तुमच्यासाठी चांगलंच आहे. 2016 पासून चालू आहे, कुणा एका कंपनीचं नाही, वेगवेगळ्या लोकांचे सर्व्हर एकमेकांना जोडलेत. आणि मुख्य म्हणजे ॲप लागतच नाही! क्रोम उघडा, आपल्या सर्व्हरचा पत्ता टाका, मेनूत जाऊन होम स्क्रीनवर जोडा, झालं, चिन्ह ॲपसारखंच दिसतं. टस्कीच हवं असेल तर ते प्ले स्टोअरवरही आहे, पण एफ-ड्रॉइडवरचं काढून तिथलं टाकताना पुन्हा लॉग-इन करावं लागेल, पासवर्ड आधी शोधून ठेवा. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, सर्व्हर बदलला तर फॉलोअर तुमच्याबरोबर नव्या खात्यावर येतात पण जुन्या पोस्ट येत नाहीत. त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन आपल्या पोस्टचं अर्काइव्ह अधूनमधून उतरवून घ्यायचं.

साडेतीनशेच्या साडेतीनशे लोकांना हलवायचा आग्रह धरू नका, निम्मे वाटेतच गळतील. व्हॉट्सॲप ग्रुप राहू दे, तिथे फक्त सूचना, आणि ॲडमिनशिवाय कुणी लिहू नये असं सेटिंग करून टाका. पुस्तकांवरचं लिखाण मॅस्टोडॉनवर आणि त्याची लिंक ग्रुपवर, पोस्ट सार्वजनिक ठेवलीत तर खातं नसलेल्यालाही ब्राउझरमध्ये वाचता येते. कार्यकारिणीच्या खासगी गोष्टींसाठी सिग्नल घ्या. त्याला ब्राउझरचं दार नाही हे खरं, पण प्ले स्टोअर आणि त्यांची स्वतःची वेबसाइट अशी दोन दारं आहेत आणि मेसेज तिसऱ्याला वाचता येत नाहीत. टेलिग्राम ब्राउझरमध्ये छान चालतं, पण त्यातलं साधं चॅट तसं कुलूपबंद नसतं, फक्त सीक्रेट चॅट असतं, हे पुष्कळांना माहीतच नाही. अरट्टाई या मेसेजिंग ॲपचं सप्टेंबर 2025 मध्ये एकदम वारं आलं, आपल्याकडच्या झोहो कंपनीचं आहे, नाव तमिळ, अर्थ गप्पा. तेव्हा त्यात कॉल कुलूपबंद होते पण मेसेज नव्हते, म्हणून मी माझ्या घरी घाई केली नाही. आणि मुलगा एलिमेंट सुचवेल, मलाही ते आवडतं, पण मे 2023 मध्ये सरकारनं जी 14 मेसेजिंग ॲप्स अडवली त्यात एलिमेंट, ब्रायर, थ्रीमा होती, तेव्हा वाचनालयासारख्या सार्वजनिक संस्थेनं त्या भानगडीत पडू नये.

आणि काका, वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक सभासदाचा फोन नंबर आणि ईमेल पेनानं लिहून ठेवा. ते परसदार कुणालाच बंद करता येत नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपचं जास्त फीचरवालं व्हर्जन टाकत होतो, मित्रानं फाइल पाठवलीय, तो स्वतः वापरतो. फोन म्हणतो प्ले प्रोटेक्टनं (ॲप्स तपासणारी गुगलची सोय) ब्लॉक केलं. प्ले प्रोटेक्ट बंद करून टाकू का? – कॉलेजचा विद्यार्थी, जालना

उत्तर : नको. अजिबात नको. वर मी गुगलला एवढं बोलले आणि इथे त्यांचीच बाजू घेतेय असं वाटेल, पण हे ऐक.

गेल्या वर्षी लग्नसराईत कराडच्या माझ्या मामीला ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. वर गणपतीचं चित्र, खाली "आमचं आमंत्रण स्वीकारावं" आणि फाइल. नावाच्या शेवटी पीडीएफच्या जागी एपीके, म्हणजे फोनवर ॲप टाकणारी फाइल, असं लिहिलेलं होतं, ते कोण बघतंय? मामीनं दाबलं, फोननं विचारलं अनोळखी ॲप टाकू द्यायचं का, तिनं हो केलं, मग त्यानं एसएमएसची परवानगी मागितली, तीही दिली, पत्रिका काही उघडलीच नाही आणि ते चिन्हसुद्धा स्क्रीनवरून गायब झालं. तिला वाटलं नेट स्लो आहे. संध्याकाळी खात्यातून 28,000 रुपये गेले आणि बँकेचा एकही मेसेज तिला दिसला नाही, कारण ओटीपी येईल तसा परस्पर दुसरीकडे जात होता. वर तिच्या नंबरवरून तीच पत्रिका पुढे चाळीस जणांना गेली, त्यात मीही होते. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार झाली, त्यातले थोडे पैसे परत आले. पण मामी अजून कुणाची पत्रिका उघडत नाही, खरी असली तरी.

आरटीओचं चलान, किसान योजनेची यादी, सगळी याच जातीची. प्ले प्रोटेक्ट जे अडवतं ते बरचसं हेच, एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची (म्हणजे स्क्रीन वाचायची आणि आपल्याऐवजी बटणं दाबायची) परवानगी मागणारी बाहेरची ॲप्स. गुगलचं म्हणणं आहे की इंटरनेटवरून उतरवलेल्या ॲप्समध्ये प्ले स्टोअरच्या 50 पटींहून जास्त मालवेअर सापडतं. आकडा त्यांचा, पण मामीचा फोन मी स्वतः हातात घेऊन बघितलाय. तेव्हा बंधनामागचं कारण खरं आहे, माझं भांडण उपायाशी आहे, चोरासाठी कुलूप हवंच पण किल्ली एकाकडेच का?

तुझ्या त्या जास्त फीचरवाल्या व्हर्जनला तर दोन्हीकडून धोका, आत कुणी काय घातलंय ते कळायला मार्ग नाही, आणि असली व्हर्जन वापरणाऱ्यांची खाती व्हॉट्सॲप स्वतःच बंद करतं. मित्र वापरतो हे कारण धरू नकोस, मामीलाही ओळखीच्याच माणसानं पाठवलं होतं.

प्रश्न : हे सगळं अँड्रॉइडचं झालं, आयफोनवाल्यांनी काय करायचं? – वाचक, डोंबिवली

उत्तर : भारतात आयफोनला तसंही पुढचं एकच दार आहे, ॲप स्टोअर. युरोपीय संघात कायद्यानं मार्च 2024 पासून दुसरी स्टोअर आली, आपल्याकडे नाहीत. तेव्हा सफारीत चालणारं तेच तुमचं परसदार, शेअरचं बटण दाबून "ॲड टू होम स्क्रीन".

प्रश्न : आमच्या दिंडीसाठी मी ॲप बनवलंय. मुक्काम कुठे, जेवण कुठे, कोण मागे राहिलं, आणि गप्पांचा एक भाग. 180 वारकरी आहेत, एपीके मीच वाटतो. नवीन नियमात माझं ॲप बंद पडेल का? – इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, आळंदी

उत्तर : तुझं पत्र वाचून फार छान वाटलं. ही ओळख-नोंदणी तुझ्यासारख्यांच्याच मुळावर येते, फसवणारे खोटी कागदपत्रं जमवतातच. गुगलनं विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी बिनपैशाचं वेगळं खातं ठेवलंय, पण त्यातून मोजक्याच फोनवर ॲप देता येतं, 180 माणसांना ते पुरणार नाही. पूर्ण खात्याला एकदाच 25 डॉलर आणि ओळखपत्र. वर्गणी काढून ते करता येईल, पण मी म्हणते ॲपच कशाला? हेच सगळं वेबपेज म्हणून कर, एकदा उघडलं की फोनमध्ये साठून राहील आणि नेट नसतानाही दिसेल असं. दिवे घाटात लाखो माणसं एकदम चढत असतात तेव्हा रेंज असूनही काही उघडत नाही, तिथे आधीच साठवलेली मुक्कामांची यादी कामाला येते. नोंदणी नको, स्टोअर नको, आयफोनवरही चालेल. गप्पांचा भाग मात्र काढून टाक, तो सांभाळणं एकटीचं काम नाही, त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुपची लिंक दे. आणि मागे राहिलेल्याला शोधायला विणेकऱ्यांचा नंबर पानाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरात, बोटानं दाबला की फोन लागेल असा.

प्रश्न : मुलीकडे सिंगापूरला सहा महिने चाललेय. तिथलं सिम घालीन आणि इथलं पाकिटात ठेवीन. माझा भिशीचा आणि माहेरचा ग्रुप चालू राहील ना? – गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : ताई, सिम पाकिटात ठेवू नका. 28 नोव्हेंबर 2025 ला दूरसंचार विभागानं मेसेजिंग ॲप्सना निर्देश दिलेत की ज्या सिमवर खातं आहे ते सिम फोनमध्ये नसेल तर ॲप चालू देऊ नका, त्यासाठी 90 दिवसांची मुदत दिली, आणि कॉम्प्युटरवरचं लॉग-इन जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप निघालं पाहिजे असंही सांगितलं. दोन सिमचा फोन असेल तर इथलं सिम पहिल्या खाचेत तसंच राहू द्या, रोमिंग डेटा बंद करा, तिथलं दुसऱ्या खाचेत घाला. रिचार्ज सहा महिने पुरेल असा करून निघा, नंबर बंद पडला तर तो पुढे दुसऱ्याला मिळतो. भिशीच्या बायकांना मुलीचा नंबर आणि तुमचा ईमेल आत्ताच देऊन ठेवा. आणि सिंगापूर त्या पहिल्या चार देशांत आहे, तेव्हा जी काही ॲप्स लागतात ती तिथे जाऊन शोधत बसण्यापेक्षा इथेच, प्ले स्टोअरवरून, मुलीला व्हिडिओ कॉलवर समोर बसवून टाकून घ्या.