पक्षात खरी सत्ता कुणाची? कोरा बी फॉर्म ज्याच्या डिकीत, त्याची

मोठ्या पक्षांत खरी सत्ता अध्यक्षाकडे असते, आमदार-खासदारांकडे की कार्यकर्त्यांकडे, असं तुम्ही विचारलंय. कार्यकर्ते हा पर्याय आधी खोडून टाका. एकोणीस वर्षं सतरंज्या उचललेला माणूस सांगतोय.

जिल्हा परिषदेची निवडणूक होती. पक्षाचं नाव सांगत नाही, कुठलाही धरा. आमच्या गटातलं, म्हणजे मतदारसंघातलं, एकेक बूथ मी बांधलेलं. तालुक्याच्या बैठकीत माझं एकट्याचंच नाव वर गेलं. जिल्हाध्यक्ष पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘लाग कामाला.’ शेवटच्या दिवशी मी सकाळपासून तहसील कचेरीत बसून. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारे कागद, तीनच्या आत जमा व्हायला हवा. ए फॉर्मात सही कुणी करायची ते असतं, बी फॉर्मात उमेदवाराचं नाव. दोनला अध्यक्षांना फोन लावला, तर म्हणाले, ‘सह्या करून सगळा गठ्ठा साहेबांकडे दिलाय.’ साहेब म्हणजे आमदार. बी फॉर्मवर शाईनं सही लागते, शिक्का चालत नाही. म्हणून जिल्हाध्यक्षांनी आदल्या रात्रीच कोऱ्या फॉर्मांवर सह्या ठोकून ठेवल्या होत्या. दोन चाळीसला आमदारांची गाडी आली, डिकी उघडली, बॉनेटवर कागद ठेवला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या भाच्याचं नाव भरलं. सही एकाची, नाव भरणारा दुसरा.

हेच आमदार विधानसभेच्या वेळी मुंबईत एका बंगल्याबाहेर रात्री अडीचपर्यंत ताटकळले होते. गाडीत मीही होतो. त्यांचा फॉर्म आत अडकला होता.

हे आजचं नाही. १९३९ मध्ये सुभाषबाबू १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि एप्रिलमध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. मर्जी नव्हती गांधीजींची, ज्यांनी १९३४ मध्येच पक्षाचं सदस्यत्व सोडलं होतं! आणि आत्ताचं बघा. शिवसेना फुटल्यावर १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदेंच्या गटाला दिला. मोजलं काय? ५५ पैकी ४० आमदार, १८ पैकी १३ खासदार. संघटनेतलं बहुमत बाजूला राहिलं. शाखेत आयुष्य काढलेला शिवसैनिक त्या हिशेबात कुठे आला?

भाजपची घडण जरा वेगळी, हे मान्य. तिथे संघटनमंत्री म्हणून बहुधा संघाचा प्रचारक असतो. तो स्वतः तिकीट मागत नाही, म्हणून त्याच्या शब्दाला वजन असतं. डाव्या पक्षांतलं मी जवळून पाहिलेलं नाही.

आता तुम्हाला राजकारणात उतरायचं असेल तर पदाच्या मागे लागू नका, गठ्ठा कुणाकडे जातो ते आधी शोधा. आमचे दाजी आजही प्रत्येक लग्नात चार पाहुण्यांसमोर सांगतात, ‘ह्याच्याकडे पैसा नव्हता म्हणून तिकीट गेलं.’ दाजी, त्या भाच्याची मोटारसायकलसुद्धा हप्त्यावर होती. पैसा नडला असता तर मी अपक्ष उभाच राहिलो नसतो. कपबशी चिन्ह मिळालं, ६१२ मतं पडली. त्यात तुमच्या वाड्यातली किती, ते बूथनिहाय आकडे माझ्याकडे अजून आहेत.