वाचकांचे प्रश्न : अंगणातला कोबा काढताना

प्रश्न : सहकारनगरमधील आमच्या बंगल्याच्या पुढच्या अंगणात वडिलांनी १९८८ साली सरसकट कोबा करून घेतला होता. आता त्याला भेगा गेल्या आहेत, पावसाचे पाणी दारापाशी साचते आणि आंब्याच्या बुंध्यालाही सिमेंट भिडले आहे. हा सुमारे ४०० चौरस फुटांचा कोबा काढून तेथे बाग करण्याचा विचार आहे. एक ठेकेदार दोन दिवसांत फोडून देतो म्हणतो. काय काळजी घ्यावी?

उत्तर : ठेकेदाराचे म्हणणे खोटे नाही, मात्र तो केवळ फोडण्याविषयी बोलत आहे, हे ध्यानात घ्यावे. कोब्याची जाडी ४ इंच धरली, तर आपल्या अंगणात सुमारे १३३ घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासहून (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडे अधिक काँक्रीट आहे आणि त्याचे वजन ९ टनांच्या घरात जाते. फुटल्यावर तुकड्यांमध्ये पोकळी राहत असल्याने तोच माल दोन ब्रास भरतो. शिवाय खाली दगडी सोलिंग, म्हणजे कोब्याखाली रचलेला दगडांचा थर, असण्याची शक्यता बरीच आहे, आणि ते ९ इंचांचे निघाले तर आणखी तीन ब्रास दगड हाती येतो. म्हणून कोपऱ्यात एक फूटभर खड्डा घेऊन आधी खरी जाडी पाहावी आणि मगच फोडणे, भरणे व वाहून नेणे यांचे दर वेगवेगळे लिहून घ्यावेत. एकरकमी तोंडी बोलीवर काम दिल्यास राडारोडा फाटकाबाहेर रस्त्यावर येऊन पडतो आणि शेजाऱ्यांची बोलणी आपल्याला ऐकावी लागतात. हा माल नेमका कुठे रिकामा होणार, हेही विचारावे. मुठेच्या पात्रात किंवा टेकडीच्या पायथ्याशी तो टाकणे बेकायदा आहे, तरीही रात्रीच्या टेम्पोने तो तिकडे जातो, ही पुण्यातील जुनी खोड आहे. बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्राने २०१६ साली स्वतंत्र नियम केले. महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीत असून आपल्या क्षेत्रीय कार्यालयात वाहतुकीची चौकशी करता येईल. काँक्रीट, माती आणि सळया यांचे ढीग पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. सोलिंगचा दगड मात्र बाहेर देऊ नये; वाफ्यांच्या कडेला त्याच्याइतके चांगले दुसरे काही मिळत नाही.

आता एक आग्रहाची सूचना : कोबा सगळा काढू नये. भिंतीलगतची दोन ते तीन फुटांची पट्टी जोत्याचे संरक्षण करते. ती काढल्यास पाणी थेट पायाशी मुरेल, आणि खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगून व उन्हाळ्यात आक्रसून भिंतींना तडे देऊ शकते. जी पट्टी राखायची तिच्या रेषेवर आधी कटरने खाच मारून घ्यावी, म्हणजे ब्रेकरचा (काँक्रीट फोडण्याच्या यंत्राचा) हादरा पलीकडे पोहोचत नाही. त्या पट्टीला बाहेरच्या बाजूस उतार असल्याची खात्री करावी. दारापाशी पाणी साचण्याचे मूळ बहुधा चुकलेल्या उतारातच असते.

काम सुरू करण्यापूर्वी नळाची व ड्रेनेजची लाइन, महावितरणची केबल आणि गॅसची पाइपलाइन कोठून गेली आहे, हे जमिनीवर खडूने आखून घ्यावे. आंब्याभोवती ब्रेकर चालवू देऊ नये. तेथे छिन्नी-हातोड्याने हलक्या हाताने काम करावे, निदान एक मीटर वर्तुळ मोकळे करावे, जाड मुळे तोडू नयेत आणि उघड्या झालेल्या बुंध्यावर मातीचा ढीगही चढवू नये. धूळ बसवण्यासाठी पाणी मारत राहावे, कारण काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते. मजुरांना चांगले मास्क आणि चष्मे देणे हे घरमालकाने स्वतः पाहावे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात निवासी भागात ब्रेकर वापरता येत नाही.

हे सारे उन्हाळ्यातच उरकावे. पुण्यात वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या हिशेबाने आपल्या ४०० चौरस फुटांवर सुमारे २६ हजार लिटर पाणी येते. कोब्याखालची जमीन दबून घट्ट झालेली असल्याने हे पाणी मुरावे म्हणून ती दीड फूट खणून, सिमेंटचे बारीक तुकडे वेचून, शेणखत मिसळावे.

प्रश्न : मागील अंगणात जुन्या पंपाचा तीन फूट जाडीचा काँक्रीटचा ठोकळा आहे. भिंत अगदी जवळ असल्याने ब्रेकरची भीती वाटते.

उत्तर : ही भीती रास्त आहे. अशा ठोकळ्यात ड्रिलने ओळीने भोके पाडून त्यांत चुन्यापासून केलेली, पाण्यात कालवल्यावर फुगणारी पावडर भरतात. साधारण दिवसभरात ठोकळा आवाज न करता तडकतो आणि मग पहारेने तुकडे सुटे होतात. भरलेल्या भोकांवर वाकून पाहू नये, कारण गरम झालेले मिश्रण कधी कधी जोराने वर उडते.