आधी परीक्षेचा फॉर्म भर

पत्र

मावशी, मी बडोद्याची, वय ४३. लग्नाला वीस वर्षं झाली. ह्यांची नोकरी मकरपुऱ्याला, मुलगा इंजिनीअरिंगला बाहेरगावी. मी घरी पिको-फॉल करते. दोन वर्षांपूर्वी इग्नू मुक्त विद्यापीठाच्या एम.ए. मानसशास्त्राला नाव घातलं. फी ह्यांनीच भरली, कधी अडवलं नाही. पहिल्या वर्षाचे सगळे पेपर निघाले. रविवारच्या वर्गात एक मैत्रीण भेटली. ती शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही. वर्ग सुटला की आम्ही शेवउसळ खातो आणि कमाटीबागेत बसून नोट्स काढतो. तिनेच पेन ड्राइव्हवर ‘लियाना’ नावाचा जुना इंग्रजी सिनेमा दिला. त्यात एक गृहिणी रात्रीच्या वर्गाला जाते आणि शिकवणाऱ्या बाईंच्या प्रेमात पडते. दुपारी एकटीने पाहिला आणि रडत बसले, कारण मला मैत्रिणीबद्दल जे वाटतं ते मैत्रीचं नाही हे तेव्हा कळलं. आम्ही दोघी एकमेकींना काही बोललेलो नाही. सिनेमाने हे माझ्या डोक्यात भरवलं का? डॉक्टरकडे जाऊ का? ह्यांना सगळं सांगून मोकळी होऊ का? अशा देवमाणसाला फसवतेय असं वाटतं. अभ्यासात लक्ष नाही. या वेळी परीक्षेचा फॉर्मही भरला नाही. लेट फीची मुदत अजून आठवडाभर आहे, पण परीक्षेला मैत्रीणही त्याच केंद्रावर असणार, आणि आता काय उपयोग.

उत्तर

अगं मुली,

हे छापून येईपर्यंत तुझी मुदत उलटली असती, म्हणून दोन ओळी तुला आधीच धाडल्या: आज रात्रीच्या आत फॉर्म भर. का, ते आता सावकाश सांगते.

तुझ्या पत्रात सिनेमा आहे, ती आहे, हे आहेत, डॉक्टर आहे. आणि अगदी तळाशी, सही करता करता सुचल्यासारखा, परीक्षेचा फॉर्म आहे. मला त्या ओळीने अस्वस्थ केलं. तू अजून काहीही केलेलं नाहीस. तिचा हात धरला नाहीस, एक शब्द बोलली नाहीस. गुन्हा झालेलाच नाही आणि तू शिक्षा ठोठावून मोकळीसुद्धा झालीस. ती कुणाला? तर तुझ्या एम.ए.ला.

हे मी इतक्या बायकांच्या पत्रांत वाचत आले आहे की आता राग येतो. मनात काही ‘भलतं’ आलं की बाई आधी आपलं तेवढं काढून देते. कुणी संगीताची शेवटची परीक्षा सोडते, कुणी क्लास बंद करते, कुणी नोकरीचा अर्ज फाडते. प्रायश्चित्त म्हणून धुणं सोडल्याचं किंवा पाहुण्यांचा स्वयंपाक सोडल्याचं कुणी लिहीत नाही. जे घराचं ते चालू राहतं, आपलं होतं तेवढंच बंद पडतं. तूही तेच केलंस. सकाळचा डबा चुकला नसेल, गिऱ्हाइकाची साडी वेळेवर गेली असेल. फॉर्म तेवढा राहिला.

आता तुझे प्रश्न. डॉक्टरकडे कशासाठी? तू मानसशास्त्र शिकतेस, तुला हे माझ्याआधी माहीत असायला हवं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सांगून ठेवलंय की हे ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं व्यावसायिक गैरवर्तन ठरेल. कायद्याचं विचारायला तू घाबरली असशील, म्हणून तेही सांगते. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने असं प्रेम करणं ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाही. लग्नाची मान्यता मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात दिली नाही. म्हणजे उद्या दोन बायकांनी एकत्र राहायचं ठरवलं, तर बायको म्हणून आपसूक मिळतं त्यातलं काही त्यांना मिळणार नाही. ना एकीची पेन्शन दुसरीला, ना वारसाहक्क. ज्या बाईला पुढे असं आयुष्य हवंसं वाटू शकतं, तिला स्वतःची कमाई इतर कुणाहीपेक्षा जास्त लागते. आणि तू नेमकी त्या कमाईचीच वाट बंद करायला निघालीस.

सिनेमाने तुझ्या डोक्यात काही भरवलं नाही. तुझ्याजवळ होतं ते तुला दिसलं, एवढंच. रडलीस ते बरं झालं. अशा बाईची गोष्ट आपल्याकडे सांगितली गेली तीही कशी, बघ. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं. फार धाडसाचं नाटक, पण त्यातली सुमित्रा शेवटी जीव देते. ‘लियाना’ १९८३ चा. जॉन सेल्सने तो थोडक्या पैशात काढला, आणि त्यातली बाई जगते. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. ४३ व्या वर्षी असं काही पहिल्यांदाच पाहिल्यावर कुणीही रडेल.

पण तो सिनेमा पुन्हा लाव आणि या वेळी दुसरीकडे लक्ष ठेव. लियानाचा नवरा कॉलेजात सिनेमा शिकवतो. म्हणजे शिकलेला, मोकळ्या विचारांचा म्हणवून घेणारा माणूस. स्वतः विद्यार्थिनीबरोबर भानगड करतो. बायकोचं कळल्यावर मात्र तिला घराबाहेर काढतो. मुलं त्याच्याकडे राहतात, घर त्याचं राहतं, कारण पगार त्याचा असतो. लियाना छोटीशी जागा भाड्याने घेते आणि सुपरमार्केटच्या काउंटरवर उभी राहते. जिच्यासाठी हे सगळं घडलं ती रूथ तिच्या आधीच्या जोडीदारणीकडे परत जाते. लियानाजवळ उरते ती तिची मैत्रीण सँडी, जी सुरुवातीला हादरून दूर गेली होती.

तुझ्या मैत्रिणीचं तसं होईल असं मी म्हणत नाही. ती जन्मभर तुझ्या सोबत राहीलही. पण लियानाला काउंटरवर उभं केलं ते प्रेमाने नव्हे. घराबाहेर पडायची वेळ आली तेव्हा तिच्या हातात पोटापुरतं दुसरं काही नव्हतं, म्हणून ती तिथे उभी राहिली. तुझ्या मनात येत असेल, ‘मी तिच्यासारखी आहे का’. मनाने असशील. परिस्थितीने तू तिच्यासारखी व्हायला नको आहेस, आणि ते अजून तुझ्या हातात आहे. पहिलं वर्ष निघालंय!

आता ‘हे’. फी भरली आणि अडवलं नाही, एवढ्यावर तू त्यांना देवमाणूस केलंस. वीस वर्षं तू घर ओढलंस, त्याला काही नाव दिलं नाहीस. त्यांच्या चांगुलपणावर मला आज एक ओळही खर्च करायची नाही. त्यांचं आज काहीही बिघडलेलं नाही. बिघडतंय ते तुझं.

सांगून मोकळी व्हायचंय म्हणतेस. आज ज्या मनःस्थितीत आहेस, तिच्यात सांगायला बसलीस तर तू सांगणार नाहीस, माफी मागशील. आणि माफी मागणाऱ्या माणसाचं पुढे काय करायचं ते समोरचा ठरवतो. तुझे वर्ग, तुझा फोन, तुझे रविवार, सगळ्यांचा निकाल त्यांच्याकडे जाईल. चांगली माणसंसुद्धा घाबरली की पहिल्यांदा बायकोचं बाहेर जाणं थांबवतात. पुढेमागे त्यांना सांगावं लागेल, लपवून जगायचा सल्ला मी कधीच देणार नाही. पण ते सांगताना तू खुर्चीवर सरळ बसलेली असायला हवीस, आणि उद्या कुठे राहायचं, काय खायचं याची उत्तरं तुझी तुझ्याजवळ असायला हवीत. तोवर गप्प राहा. त्याला फसवणूक म्हणू नकोस.

तू बडोद्याची आहेस याचं तर मला जास्तच लागलं. १९०६ साली सयाजीरावांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसकट. पोरीला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड बसायचा. १९४९ साली तुझ्या गावातल्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी हंसाबेन मेहता बसल्या, तेव्हा मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठात त्या जागी बाई बसलेली देशाने पाहिली नव्हती. त्या गावात आज एक बाई स्वतःच स्वतःचं नाव शाळेतून काढते. तुझ्यावर सक्ती कुणी करायची? मी करते.

इग्नूचं हे एम.ए. दोन वर्षांचं आहे, फार तर चार वर्षांत पुरं करता येतं. तुझी दोन गेली. परीक्षा वर्षातून दोनदाच, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. आत्ता सोडलीस की सहा महिने घरात बसून ‘आता काय उपयोग’ म्हणत राहशील, आणि सहा महिन्यांत ते वाक्य तुला खरं वाटायला लागेल. असाइनमेंट राहिल्या असतील तर त्याही लिहायला घे, त्यांच्याशिवाय निकाल पुरा लागत नाही. आणि लेट फी ह्यांच्याकडे मागू नकोस. पिको-फॉलच्या पैशांतून भर. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि पेपर हिंदीत लिहिणाऱ्या बाईला ऑनलाइन फॉर्म जड जायला नको. वाटल्यास मुलाला फोन करून विचार कुठे काय भरायचं ते, पण भर तू.

राहिली ती. ती त्याच केंद्रावर असणार म्हणून तुला जायचं नाही, हेही मला कळलंय. असू दे. समोर आली तर हस, बाक शोध आणि पेपर लिही. एक गोष्ट मात्र तुला लिहून ठेवते, कारण तू ती पाहूनही न पाहिल्यासारखी केलीस: इतके सिनेमे पडलेले असताना तिने तुला हाच आणून दिला. कुणी बाई दुसरीला असा सिनेमा सहज म्हणून देत नाही. तेव्हा घाबरलेली तू एकटीच आहेस असं समजू नकोस. तिला काय सांगायचं, कधी सांगायचं, त्याला कुठल्याच तारखेची मुदत नाही. परीक्षा झाल्यावर मला पुन्हा लिही, मग त्यावर हवं तितकं बोलू. मला ते पत्र वाचायला आवडेल.

तोपर्यंत फॉर्म भरल्याच्या पावतीचा फोटो पाठव. सोबत काही लिहायची गरज नाही.

तुझी,
मावशी