क्यूटी, ठोके आणि मज्जासंस्था : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं वय 38. एकाच आठवड्यात दोन ईसीजी झाले. पहिल्या वेळी मी फार घाबरले होते : ठोके मिनिटाला 110, क्यूटी 340, क्यूटीसी 460. तीन दिवसांनी ठोके 72, क्यूटी 380, क्यूटीसी 416. क्यूटी वाढलं, मग क्यूटीसी कमी कसं झालं? यातलं खरं कोणतं मानायचं?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : दुसरं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांत विद्युत लहर पसरायला सुरुवात झाल्यापासून ते कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होईपर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी. तो मिलिसेकंदांत मोजतात. ठोके वाढले की हा काळ आखडतो, म्हणून गतीचा हिशेब वळता करून क्यूटीसी काढतात. बहुतेक यंत्रं त्यासाठी 1920 पासून चालत आलेलं बॅझेटचं सूत्र वापरतात : क्यूटी भागिले दोन ठोक्यांमधल्या सेकंदांचं वर्गमूळ. 110 च्या गतीला हे अंतर 0.545 सेकंद असतं आणि उत्तर 460 येतं. स्त्रियांमध्ये 460 पासून क्यूटीसी लांबलेलं धरतात, त्यामुळे तुम्हाला भीती वाटणं साहजिक आहे. पण गती जास्त असली की बॅझेटचं सूत्र उत्तर फुगवतं. वर्गमूळाऐवजी घनमूळ घेणाऱ्या फ्रिडेरिशियाच्या सूत्राने तोच ईसीजी 416 देतो आणि दुसरा 404. म्हणजे 44 चा फरक 12 वर आला.

उरलेल्या 12 मध्ये मोजणीतली थोडी चूक असेल, थोडा मज्जासंस्थेचा हातही असू शकेल. भीती वाटली की अनुकंपी, म्हणजे सिम्पथेटिक, मज्जातंतू हृदयाच्या स्नायूत नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात. त्याने पेशीत कॅल्शियम आणणारा प्रवाह वाढतो, तो क्यूटी लांबवतो. पेशीबाहेर पोटॅशियम नेणारा एक प्रवाहही वाढतो, तो क्यूटी आखडतो. निरोगी हृदयात शेवटी पोटॅशियम जिंकतं. मात्र दोघांचा वेग सारखा नसल्याने पहिल्या काही क्षणांत ही जुळणी डळमळते. शिवाय गती बदलल्यावर क्यूटीला नव्या गतीशी जुळायला दोन-तीन मिनिटं लागतात. धावतपळत येऊन टेबलावर आडवं होताच काढलेल्या दहा सेकंदांच्या ईसीजीत गती आत्ताची आणि क्यूटी मघाचं, अशी सरमिसळ होते. पुढच्या वेळी दहा मिनिटं शांत पडून राहा, मगच ईसीजी काढून घ्या.

प्रश्न : शरीरक्रियाशास्त्रात एमडी करतो आहे. ठोक्यागणिक क्यूटी किती हलतं ते मधुमेही आणि निरोगी व्यक्तींमध्ये मोजतो आहे. मधुमेहींत क्यूटीव्हीआय, म्हणजे क्यूटीच्या या हालचालीचा निर्देशांक, बराच जास्त येतो. हा अनुकंपी ताणाचा पुरावा म्हणता येईल का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : एवढ्यावरून नाही. 1997 मध्ये बर्गर आणि सहकाऱ्यांनी मांडलेला हा निर्देशांक गुणोत्तराचा लॉगॅरिदम आहे : वर क्यूटीचं विचरण भागिले सरासरीचा वर्ग, खाली तेच हृदयगतीसाठी. गतीऐवजी आरआर, म्हणजे दोन ठोक्यांमधलं, अंतर धरून एक उदाहरण करून पाहा. क्यूटी 380, प्रमाण विचलन 4. आरआर 833, विचलन 40. निर्देशांक येतो उणे 1.32. आता क्यूटीला हात न लावता आरआरचं विचलन 15 करा. निर्देशांक उणे 0.47 वर चढतो! मधुमेहात व्हेगसचे, म्हणजे ठोके मंदावणाऱ्या मज्जेचे, तंतू लवकर दुखावतात, गतीतला चढउतार आटतो आणि क्यूटी तसंच राहूनही निर्देशांक वाढतो. म्हणून प्रबंधात क्यूटीचं प्रमाण विचलन, आरआरचं प्रमाण विचलन आणि क्यूटी जिथे संपतं त्या टी लहरीची उंची हे तिन्ही आकडे वेगळे द्याच.

टी लहरीची उंची यासाठी, की बुटक्या लहरीचा शेवट नक्की सापडत नाही आणि गोंगाटच बदल म्हणून मोजला जातो. निरोगी माणसात खरा बदल जेमतेम काही मिलिसेकंदांचा असतो. सेकंदाला 250 नमुने घेतले तर दोन नमुन्यांतलंच अंतर 4 मिलिसेकंद होतं. त्यामुळे 1000 नमुने घ्या, निदान 500 तरी. 25 मिलिमीटर वेगाच्या कागदावर एक बारीक चौकोन 40 मिलिसेकंदांचा असतो, तिथे हे दिसणारच नाही. त्वचा स्पिरिटने पुसून, कोरडी करून इलेक्ट्रोड लावा. दहा मिनिटं विश्रांती, मग बोलणं बंद ठेवून आडव्या स्थितीत पाच मिनिटं नोंद. ज्या लीडमध्ये, म्हणजे ईसीजीच्या ज्या दिशेच्या नोंदीत, टी सर्वांत उंच, ती घ्या. प्रत्येक टीचा शेवट सुटा शोधू नका. एक नमुना-लहर ठरवून ती प्रत्येक ठोक्यावर ताणून जुळवा. अवेळी ठोके आणि त्यांच्या लगेच नंतरचे ठोके वगळा.

श्वासाची नोंदही हवी. छाती फुगताना हृदयाचा अक्ष फिरतो आणि टीचा आकार बदलतो. श्वासाच्या लयीत दिसणारा बदल व्हेगसचा म्हणून खपवला जातो, तो बराचसा यामुळे असतो. व्हेगस मुख्यतः गती ठरवणाऱ्या गाठीवर काम करते. खालच्या कप्प्यांत तिचे तंतू तुलनेने विरळ आहेत. क्यूटीवर तिचा परिणाम बहुतांशी गती मंदावून आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनला आवर घालून होतो. अनुकंपी प्रभाव शोधायचाच असेल तर दहा सेकंदांहून लांब आवर्तनं, म्हणजे 0.1 हर्ट्‌झच्या खालचा पट्टा पाहा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत ही आवर्तनं महत्त्वाची ठरल्याचं 2014 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. झोपवलेल्या आणि उभ्या स्थितीतल्या नोंदींची तुलना केलीत तर तुमचं म्हणणं आणखी भक्कम होईल.

प्रश्न : मनगटावरचं घड्याळ ‘एचआरव्ही’ दाखवतं. तेच हे का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. ते दोन ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार दाखवतं. नाडीच्या प्रकाश-नोंदीत टी लहर नसतेच.

प्रश्न : माझी 16 वर्षांची मुलगी पहाटे गजर वाजल्यावर दोनदा बेशुद्ध पडली. ‘अशक्तपणा आहे’ असं सांगितलं गेलं. आणखी काही तपासावं का?
– एक पालक, नांदेड

उत्तर : हो, याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. अचानक आवाजाने शुद्ध हरपणं ही जन्मजात लाँग क्यूटी, म्हणजे जन्मतःच क्यूटी लांबलेला असण्याच्या आजाराच्या, दुसऱ्या प्रकाराची ओळखीची खूण आहे. पहिल्या प्रकारात व्यायाम, विशेषतः पोहणं, घात करतं. तिथे वर सांगितलेला पोटॅशियमचा प्रवाहच दुबळा असतो, त्यामुळे अनुकंपी जोर आल्यावर क्यूटी आखडत नाही. तिसऱ्या प्रकारात धोका बहुधा झोपेत. एक ईसीजी ठीक आला म्हणून थांबू नका. आईवडील आणि भावंडांचेही काढा, आणि घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तोवर गजर तिच्या खोलीतून काढा, हलक्या हाताने जागं करा, एकटीला पोहायला पाठवू नका. अ‍ॅसिडिटीच्या गोळीसोबत येणारं डॉमपेरिडोन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, ऑन्डान्सेट्रॉन ही औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. जुलाब-उलट्या झाल्या तर पोटॅशियम तपासून घ्या. निदान झालं तर बहुधा नॅडोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल सुरू होईल. बरं वाटतंय म्हणून ती गोळी एक दिवसही चुकवू नका. पुन्हा पडली आणि श्वास नीट चालत नसेल तर लगेच छातीदाब सुरू करा आणि 108 ला फोन लावा.