जॉन ब्राउनिंगला बंदुकांचं वेड लागलं कुठून?

प्रश्न असा आहे की नव्या बंदुकांचे आराखडे करणाऱ्या अमेरिकन जॉन ब्राउनिंगचं बालपण कसं गेलं आणि बंदुका बनवण्याची प्रेरणा त्याला युद्धातून मिळाली का.

युद्धातून नाही हो, भंगारातून.

माझे आजोबा लोहार होते. नांगराचे फाळ शेवटायला, कोयत्यांना धार लावायला लोक यायचे आणि मी भात्याशेजारच्या मोडतोडीच्या ढिगात बसलेला असायचो. त्यामुळे ब्राउनिंगची गोष्ट मला परकी वाटली नाही. त्याचा जन्म १८५५ चा, अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेनचा. वडील जोनाथन बंदुका दुरुस्त करायचे, नव्या घडवायचेही. घर मॉर्मन पंथाचं, म्हणजे त्या काळी एकाहून जास्त बायका चालणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचं; तीन बायका आणि २२ मुलं. अशा घरात एखादं पोरगं दिवसभर दुकानात पडून राहिलं तर कोण विचारणार?

दहा वर्षांचा असताना त्याने वडिलांच्या नकळत एक बंदूक जुळवली. नळी एका मोडक्या चकमकीच्या बंदुकीची, दस्ता म्हणजे कुऱ्हाडीने तासलेली फळी, आणि दोन्ही तारेने करकचून बांधलेलं. तिला चाप नव्हताच. धाकटा भाऊ मॅट भोकं पाडलेल्या डब्यात निखारे घेऊन, ते विझू नयेत म्हणून डबा गरगर फिरवत बरोबर चालायचा. जॉनने नेम धरायचा आणि मॅटने पेटती काडी दारूला लावायची. बार उडाला, जॉन उताणा पडला, पण एका बारात तीन रानकोंबड्या मिळाल्या! न्याहारीला वडिलांनी ती बंदूक उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच विचारलं की अकरावं लागत आलं, याहून बरी बनवता येत नाही का? किस्सा त्याच्या मुलाने सांगितलाय, म्हणजे थोडं तिखटमीठ असेलच. पण बापाचा तो टोमणा मला खरा वाटतो. माझे आजोबाही शाबासकी अशीच द्यायचे.

पुढे १८७८ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याने एकेरी बाराची रायफल बनवली. १८७९ मध्ये पेटंट मिळालं, पण त्याच वर्षी वडील गेले. १८८३ मध्ये विंचेस्टर या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने तिचे हक्क ८,००० डॉलरला घेतले.

पण मला सगळ्यात भावतं ते १८८९ मधलं. नेमबाजी चालली होती. मित्राने बार काढला तसं नळीसमोरचं गवत झोपलं. गवत सगळ्यांनीच पाहिलं असणार. ब्राउनिंगच्या डोक्यात मात्र आलं की ही हवा फुकट जातेय. दुकानात येऊन त्याने एका लोखंडी ठोकळ्याला गोळीपेक्षा किंचित मोठं भोक पाडलं, तो नळीच्या तोंडासमोर ठेवला आणि बार काढला. गोळी भोकातून आरपार गेली, ठोकळा खोलीच्या पलीकडे जाऊन आदळला. गोळीमागच्या वायूच्या जोरावर बंदूक स्वतःच रिकामं काडतूस फेकून नवं घेऊ शकते, हे इथून सुरू झालं. कोल्ट या दुसऱ्या बंदूक कंपनीची १८९५ ची मशीनगन याच तत्त्वावर चालायची.

१९२६ मध्ये बेल्जियममध्ये, कारखान्यात काम चालू असतानाच तो गेला. आपल्याकडे पोलिसांच्या कमरेला दिसणारं ईशापूरच्या कारखान्यातलं ९ मिमी पिस्तूल आहे ना, त्याचा मूळ आराखडाही त्यानेच सुरू केलेला.