रात्री पारा ७-८ अंशांवर जातो, १० दिवसांची कालवड कुडकुडते. गोठा ताडपत्रीने बंद करून आत शेकोटी केली तर चालेल का?

शेकोटी नकोच, आणि गोठा चहूबाजूंनी बंदही करू नका. निफाडच्या थंडीत वासरं दगावतात ती बहुतेक वेळा ओल, वारा आणि अपुरं दूध या तिन्हींमुळे. धुराने फुफ्फुसाचा दाह होतो. बंद गोठ्यात मुताचा अमोनिया साठतो, श्वासाची वाफ पत्र्याला लागून पहाटे थेंब-थेंब खाली पडते, आणि आठवडाभरात न्यूमोनिया. हवा ठीक आहे का हे उभं राहून कळत नाही. वासराच्या नाकाएवढं खाली वाका, डोळे चुरचुरले तर गोठा कोंदलाय.

ताडपत्री किंवा बारदान वाऱ्याच्या बाजूला, जमिनीपासून ४ फुटांपर्यंतच बांधा. वरची जागा मोकळी राहू द्या.

खरं काम अंथरुणाचं आहे. पहिल्या तीन आठवड्यांत गोठा १५ अंशांच्या खाली गेला की वासराला अंग गरम ठेवायला जादा ताकद खर्चावी लागते. मोठ्या गाईला पोटातला चारा आंबताना आयती ऊब मिळते. वासराचं ते पोट अजून चालूच झालेलं नसतं. कोब्यावर बसलेल्या वासराची ऊब सरळ फरशीत जाते. खाली उसाचं कोरडं पाचट, त्यावर गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा, मिळून किमान ६ इंच. वासरू बसल्यावर पाय पेंढ्यात बुडालेले दिसले पाहिजेत. नुसता लाकडाचा भुसा ओल चांगली धरतो, पण त्यात पाय बुडत नाहीत. रोज संध्याकाळी गुडघे टेकून २० सेकंद बसा. पँट ओली झाली तर वरचा थर काढून नवीन टाका. थंडीत वासराला आंघोळ घालू नका.

आता दूध. ३० किलोच्या वासराला वजनाच्या दहा टक्के म्हणजे दिवसाला ३ लिटर, हा हिशोब उबदार दिवसांचा. अशा थंडीत तो कमी पडतो, वासरू अंगावरची थोडीथोडकी चरबी जाळतं आणि मग हगवण, खोकला लगेच धरतो. रात्री ९-१० वाजता अर्धा लिटर तिसरी पाजणी सुरू करा. दूध ३८-३९ अंश, म्हणजे हाताला कोमट लागेल एवढं. थंडीत बादली गोठ्यात पोचेपर्यंत निवते, तेव्हा थोडं जास्त तापवूनच न्या. कोमट पाणी वेगळं ठेवा, दुधात घालू नका.

पुढच्या वेताला लक्षात ठेवा: जन्मल्यावर वासरू गोणपाटाने खसखसून कोरडं करायचं, नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं आणि २ तासांच्या आत दीड-दोन लिटर चीक पोटात गेला पाहिजे. चीक गरम करताना भांडं ५० अंशांच्या पाण्यात ठेवा. थेट गॅसवर ठेवला तर फाटतो आणि त्यातली रोगप्रतिकारक प्रथिनं वाया जातात.

गोणपाटाची झूल चांगलीच, पण पोटाखाली दोन ठिकाणी सैल बांधा आणि ऊन पडलं की काढा. आपल्याकडे दुपारी २८-३० अंश होतात. झुलीखाली घाम आला आणि रात्री तीच ओली झूल अंगावर राहिली तर उघडं वासरू बरं. बल्ब लावायचाच असेल तर वासराच्या पाठीपासून ३ फूट वर, साखळीने टांगलेला, जाळीसकट. पेंढ्यावर पडला तर आग ठरलेली, आणि वायर वासरू चघळतं. त्याला उबेपासून दूर सरकायला जागा हवी. म्हशीचं पारडू असेल तर झूल आणि बल्ब दोन्हीची गरज जास्त.

साधा थर्मामीटर गोठ्यात असू द्या. गुदद्वारात १०१.५ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०० च्या खाली गेलं, तोंडात बोट घातल्यावर गार लागलं आणि चोखत नसेल, तर नळीने किंवा बाटलीने दूध ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. डॉक्टरांना फोन करा, आणि ते येईपर्यंत कोरडं पुसून, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पोटाशी व मांड्यांमध्ये ठेवा. चोखायला लागलं की मगच कोमट दूध.